शहात्तर सेंटीमीटर

"सीट परत वर गेलीये," दुकानात सायकल आणत काकू म्हणाल्या.

काका गेल्यावर त्यांची सायकल काकूंनी चालवायला घेतली. काकूंच्या पायाचं माप घेऊन मीच सीट सहा सेंटीमीटर खाली आणली होती. ही तिसरी खेप.

"काकू, सीट घसरली तर खाली जाते, वर नाही. घरात कुणी हात लावतं?"

"घरात आहेच कोण?"

मी टेप धरली. शहात्तर सेंटीमीटर. काकांचं माप, मिलिमीटरचाही फरक नाही. बोल्ट मात्र मी आवळला होता तसाच घट्ट.

मी पाना उचलला, तर काकूंनी माझा हात धरला.

"राहू दे. ह्यांनी जन्मभर कॅरियर लावू दिलं नाही, वजन वाढतं म्हणे. आता लाव. मी मागे बसते."