मेंढरांना बोलावणं

पूनमच्या आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. निमोण्याच्या घरी बसून जुनाट ऑनलाइन गेमचं जग नव्यानं रंगवताना तिनंही त्यात काळी मेंढरं सोडली, आणि कळप रात्री जिथं बसेल तेवढंच रान लेंडीखतावर पिकेल, असा नियम घातला. गेम कंपनीच्या पुण्यातल्या साहेबांनी नाक मुरडलं. “एवढ्या देखण्या ग्राफिक्समध्ये लेंड्या? काढ ती मेंढरं.” “मग काहीच उगवणार नाही, सर.” साहेब हसले आणि त्यांनी कळप स्वतःच पुसून टाकला. नवं जग खुलं झालं, तर चकचकीत डोंगरांखाली सगळी शेतं उजाड, खेळणारे शिव्या घालतायत. साहेबांचा फोन आला. “पूनम, ती मेंढरं लगेच आत सोड!” पूनमनं ऑफिसची भाषा खुंटीला टांगली. “मेंढरं अशी येत न्हाईत, सर. रानाचा मालक स्वतः येऊन बोलावतो, तवाच बसत्यात. या निमोण्याला. शिरूरहून एसटी हाय.”