उलटी अक्षरं

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. पण माझ्या मित्रानं, हेमूनं जे केलं ते पोटात राहीना.

आमच्या दोस्ताचे, दिग्याचे पांढरे कॅनव्हासचे बूट त्यानं एका दिवसासाठी मागून नेले आणि चिखलात लोळवले. दुसऱ्या दिवशी तेच घालून दिग्याचा साखरपुडा! हेमूनं टूथपेस्ट लावून, जुन्या ब्रशनं घासघासून बूट चकाचक केले. त्याची आई म्हणाली, “ओले असतानाच पेपरात गुंडाळ, पिवळे पडत नाहीत.” त्यानं गुंडाळले.

सकाळी पेपर सोडला, तर बुटावर मोठी काळी अक्षरं उमटलेली! नशीब, उलटी होती. “उलटं कोण वाचतंय?” म्हणत हेमूनं ऐन वेळी बूट पोचवले आणि दिग्यानं घाईत न बघताच पायात चढवले.

अंगठ्या घालून झाल्या. हॉलमधल्या मोठ्या आरशासमोर दिग्या नवरीसोबत फोटोला उभा राहिला. मागून नवरीच्या आजोबांनी आरशात बघत खणखणीत आवाजात वाचलं, “भावपूर्ण श्रद्धांजली!”

आरशात अक्षरं सरळ झाली होती. सगळा हॉल दिग्याच्या बुटांकडे बघायला लागला. मग नवरीच खो खो हसत सुटली, तेव्हा कुठे दिग्याच्या जिवात जीव आला. त्यानं हेमूची कॉलर धरली.

“भावा, आईशप्पथ,” हेमू म्हणाला, “लग्नाला तुझे बूट हार्दिक शुभेच्छांच्याच पानात गुंडाळीन!”