येऊ द्या

“अजून ताटकळू दे,” परिवहनमंत्री म्हणाला. “बाक रिकामा कर, उभाच राहू दे त्याला.”

शिपाई दार ओढून गेला. बाहेर मंत्र्याचा थोरला साडू उभा होता. सकाळीच निरोप धाडून त्याला बोलावून घेतलं होतं. टेबलावर फोन थरथरत होता. मुलाचा. मंत्र्याने तो पालथा घातला. आजचा दिवस त्याला कुणाशी वाटून घ्यायचा नव्हता.

आदेशावर सही झाली होती. दहा वर्षांहून जुनी एकही खासगी बस आजपासून रस्त्यावर दिसता कामा नये. प्रवाशांची सुरक्षितता वगैरे सचिवाने लिहिलं होतं. खरं कारण दाराबाहेर उभं होतं. साडूच्या झाडून सगळ्या बस जुन्या होत्या.

मंत्री आधी बसवाला होता, आणि बसवाला होण्याआधी साडूच्याच गाडीवर क्लीनर. लग्न नवं होतं. एकदा गाडी मागे घेताना तो पत्रा थोपटत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत राहिला आणि मागे उभा असलेला हमाल चिरडता चिरडता वाचला. साडूने भरल्या स्टँडवर त्याच्या कानाखाली वाजवली. “मागे कोण उभं आहे ते आधी बघावं. मग म्हणावं, येऊ द्या.” डबा घेऊन आलेली बायको समोर होती. सासरी त्याचं नावच पडलं, ‘येऊ द्या’. मेव्हण्यांची पोरंसुद्धा त्याच नावाने हाक मारायची.

हमाल वाचला हे तो विसरला. थप्पड नाही विसरला. एकेक बस करत त्याने साडूपेक्षा मोठी कंपनी उभी केली. तरी रस्त्यात साडूचं नाव लिहिलेली गाडी दिसली की त्याचा गाल हुळहुळायचा. मग पक्ष, तिकीट, आमदारकी. मंत्रिमंडळात त्याला अर्थखातं देत होते. त्याने परिवहन मागून घेतलं. कंपनी मुलाच्या हवाली केली आणि पुन्हा तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

आदेशाचं त्याने काही महिन्यांपूर्वी फक्त बायकोच्या कानावर घातलं होतं. ती बहिणीजवळ बोलणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बोलावंच. साडूने आधी तळमळावं, मग बुडावं. नुसतं बुडवण्यात काय मजा.

दुपारी त्याने साडूला आत घेतलं.

“या, साडूभाऊ. बसू नका, हे वाचा.”

साडूने चष्मा लावला. आदेश सावकाश वाचला.

“सही झाली?”

“झाली. नाक्यानाक्यावर पोचला पण.”

“मागे नाही ना घेता येणार?”

“पाया पडलात तरी नाही. पत्रकारांना सांगून बसलोय.”

“मग बरं झालं,” म्हणत साडूने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसला. “पोराचा फोन घे. मघापासून करतोय बिचारा.”

मंत्र्याने फोन सुलटा केला, कानाला लावला.

“काय हो बाबा, किती वेळ. खिडकीत या आधी.”

खाली रस्त्याच्या कडेला बसची रांग लागली होती. शेवट दिसत नव्हता. रंग ओला असल्यासारखा चमकत होता, आणि प्रत्येक गाडीच्या कपाळावर त्याच्याच कंपनीचं नाव होतं. पण रंगाखालचे पत्रे, ती पोचे पडलेली नाकं, तो ओळखत होता. त्यातली एक त्याने स्वतः रोज धुतली होती.

“काकांच्या सगळ्या गाड्या घेतल्या, बाबा. त्यांचं नाव खरवडून काढलं. तुमच्या मनात जन्मभर हेच होतं ना? आपल्या नव्या गाड्या गहाण टाकल्या, डेपो टाकला, पण यांची एक सोडली नाही. काकाच म्हणाले, बाबांना आयत्या वेळी दाखव.” पोरगा हसत होता. मग थांबला. “बाबा, हे पोलीस चाव्या का मागतायत? जरा सांगा ना त्यांना, गाड्या कुणाच्या आहेत.”

मंत्री वळला. साडू उठून दारापर्यंत गेला होता.

“तुला कानाखाली वाजवून शिकवलं होतं,” तो म्हणाला. “मागे कोण उभं आहे ते आधी बघावं. मग म्हणावं, येऊ द्या.”