ओलेडवरचा डाग

गेम खेळायला मॉनिटर घ्यायचा म्हणून आमच्या दादाने आठ महिने काथ्याकूट केला. पडद्याची पॅनेलं तीन जातींची: आयपीएसचे रंग छान, पण काळा रंग राखाडी दिसतो. व्हीएचा काळा अगदी काळाकुट्ट, पण वेगात चित्र फरफटतं. ओलेडमध्ये सगळंच उत्तम, फक्त एकच चित्र तासन्तास ठेवलं तर त्याचा कायमचा डाग पडतो. शेवटी ओलेड आला, आणि वर्षभर आम्ही दादाला पाठमोराच पाहिला.

परवा पडद्यावर काहीतरी पुसट दिसायला लागलं. मॉनिटर उचलून आम्ही दोघं दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"रोज किती तास बसता?" त्याने विचारलं.

"सहा-सात," दादा म्हणाला.

"मग गेमचाच डाग असणार. कोपऱ्यातला स्कोअर जागचा हलत नाही ना, तोच उमटतो. कुठला गेम खेळता?"

दादा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला.

दुरुस्तीवाल्याने पडद्यावर नुसता राखाडी रंग लावला, तसा डाग स्पष्ट झाला. तीन उभे रकाने, आणि वर दादाने स्वतः केलेल्या तक्त्याचं ठळक शीर्षक: 'कोणतं पॅनेल घ्यावं?'

"अरे, घेऊन वर्ष झालं की!" मी म्हणाले.

"घेतलं ते बरोबरच घेतलं ना, तेवढं ताडून बघत होतो."

"आणि गेम?"

"आधी मॉनिटरचं तर नक्की होऊ दे."