दौलताबादचा माथा

बद्रीनाथ हॅक्सॉच्या पात्यानं डोंगराचा माथा कापत होता. टेबलावर छोट्या आगगाडीचे रूळ होते आणि रुळांच्या कडेला दौलताबादचा डोंगर. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चुरगळून, त्यात प्लास्टर ओतून त्यानं एकेक खडक पाडला होता आणि कोऱ्या चहाच्या पाण्यानं रंगवला होता.

पाट्या रंगवणारा त्याचा जुना दोस्त कमरोद्दीन शेवटचा हात मारायला रंग घेऊन आला, तो दारातच थबकला.

"बद्रीभाऊ, येडा झाला काय? भाभी गेल्या तवापासून सहा महिने खपला, हुबेहूब उतरला, अन् आता निम्मा कापतो? दौलताबाद हाय का वारूळ?"

"वारूळ तर वारूळ."

"अन् वरचा बारादरीचा महाल कुठं ठेवशील?"

"नाय ठेवायची."

बद्रीनाथचा हात भरून आला होता. त्यानं पातं खाली ठेवलं आणि कापलेल्या खाचेवर बोट टेकवलं.

"आम्ही दोघं किल्ला बघायला गेलतो, तवा ती इथवर आली अन् गुडघे धरून पायरीवर बसली. म्हणली, तुम्ही या जाऊन वर. मी गेलो. दोन तास हवा खात फिरलो."

"मग?"

"उतरलो तर तशीच उन्हात बसलेली. वर काय होतं, एवढंच इचारलं. म्या म्हणलं, काय नाय."

कमरोद्दीननं डोंगर दोन्ही हातांनी घट्ट धरला. बद्रीनाथनं पुन्हा पातं उचललं.

"ती जिथं बसली व्हती, त्या पायरीच्या वर आता डोंगरच नाय ठेवायचा."