अंगणातल्या टाकीचं पाणी

वृंदाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला खालच्या वाडीतल्या सोनाबाई टेकडी चढून आल्या. वृंदाने त्यांच्यापुढे गूळ आणि विकतच्या बाटलीतलं पाणी ठेवलं.

"नळाचं दे की गं," सोनाबाई म्हणाल्या.

वृंदा ओशाळली. नव्या नियमाने टेकडीवरच्या कुठल्याच प्लॉटमधून सांडपाण्याचा थेंबही बाहेर जात नव्हता. संडास-न्हाणीचं सगळं पाणी अंगणातल्या टाकीतले जिवाणू शुद्ध करत आणि तेच स्वयंपाकघरात येई. शुद्धतेचा हिरवा दिवा नळावर कायम असे. तरी घरात कुणी ते तोंडाला लावलं नव्हतं.

"मावशी, ते आमचंच... पाहुण्यांना कसं द्यायचं?"

"तुमचं पानी मला नवं न्हाई. तुमी वरच्या जुन्या बंगल्यात हुता, तवा तुमच्या शोषखड्ड्याचं झिरपत आमच्या हिरीत उतरायचं. पोरं जुलाबानं लोळायची. तवा कुठं दिवा हुता?"

सोनाबाईंनी स्वतःच नळावर पेला भरला, अर्धा वरून प्यायल्या आणि उरलेला वृंदापुढे धरला.

"गोड हाय. घे."

पाहुणे बघत होते. बाटलीचं झाकण अजून वृंदाच्या मुठीतच होतं.