कव्हरखालची गाडी

द्वारकाच्या स्कूटीला विश्रांतवाडीत टँकरने चिरडल्याचा फोन आला, तेव्हा हिंमतराव पार्किंगमध्ये नव्या छोट्या एसयूव्हीवर कव्हर चढवत होते. "अहो, आज गाडीने सोडता का?" असं तिने निघताना विचारलं होतं. "त्या खड्ड्यांतून? गाडीची वाट लागेल," ते म्हणाले होते.

स्मशानातून परतताच त्यांनी पहार उचलली. दिवे फोडले, दारं ठेचली, बॉनेटचा चेंदामेंदा केला. हातातून रक्त गळू लागलं, तरी थांबेनात.

"अहो हिंमतराव, गाडीने काय केलंय?" शेजारचे यज्ञेश्वर ओरडले.

"काहीच नाही केलं! पांघरूण घेऊन उभी राहिली नुसती!"

मग ते मागच्या काचेकडे वळले. तिथे त्यांनीच हौसेने मोठ्या अक्षरांत 'द्वारका' लिहून घेतलं होतं.

 

तेवढी एक काच फोडायची राहिली आहे.